हसविणाऱ्या नटांच्या गंभीर भूमिका

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षे एखादी संस्था परप्रांतात टिकते, तेव्हा तिच्यामागे गणेशोत्सवातल्या सतरंज्या उचलणाऱ्यांपासून वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्यांपर्यंत अनेकांचे कष्ट असतात. त्या सर्वांना प्रथम वंदन करून आम्ही विषयाकडे वळतो. विषय म्हटला तर करमणुकीचा आहे, म्हटला तर विचार करावयास लावणारा आहे. आयुष्यभर ज्यांनी आपल्याला हसविले, त्या नटांनी चित्रपटांत जेव्हा गंभीर भूमिका केल्या आणि आपल्या डोळ्यांत पाणी आणले, तेव्हा नेमके काय घडले, हा तो विषय.

अशा प्रसंगी प्रेक्षागृहातून बाहेर पडताना एक वाक्य हमखास कानी पडते : ‘याच्यात हे असेल असे वाटले नव्हते!’ या वाक्यात कौतुक आहे, पण त्याच्या पोटात एक अन्यायही दडलेला आहे. हसविणे हे खालच्या पायरीवरचे काम, रडविणे हे वरच्या पायरीवरचे. आणि हा गृहस्थ आज चुकून वरच्या पायरीवर चढला, असा त्याचा अर्थ होतो. आमचे म्हणणे असे की, नट एकाच पायरीवर उभा असतो. बदलते ती आपली बसण्याची जागा. हे म्हणणे आज आम्ही काही उदाहरणांनी आपल्यापुढे मांडणार आहोत.

आपल्या शास्त्रकारांनी हास्य आणि करुण या दोन रसांना शेजारी बसविले नाही. भरतमुनींनी हास्याची उत्पत्ती शृंगारापासून सांगितली आणि करुणाची रौद्रापासून. पुढे विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त तर करुणाला हास्याचा विरोध सांगितला आहे. पण नाटककार शास्त्रकारांपेक्षा नेहमीच थोडे अधिक धीट असतात. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला विदूषक मैत्रेय पाहा. देवलांनी हे नाटक मराठीत आणल्यामुळे ते आपल्या घरचेच झाले आहे. न्यायसभेत हा भोळा मैत्रेय तावातावाने शकाराशी भांडू लागतो आणि त्या झटापटीत त्याच्याजवळचे वसंतसेनेचे अलंकार खाली पडतात. विदूषकाचे भांडण म्हणजे प्रेक्षकांना हसण्याची पर्वणी. पण त्याच भांडणाने निरपराध चारुदत्ताच्या गळ्याभोवती फास आवळला जातो. हसू ओठांवर असतानाच काळजात धस्स होते.

आपल्या राम गणेश गडकऱ्यांनाही हे मर्म पुरते ठाऊक होते. ‘एकच प्याला’तल्या तळीरामाच्या प्रत्येक वाक्याला टाळी पडते, पण तो आजारी पडून खाटेला खिळतो आणि त्याच्या उशाशी डॉक्टर व वैद्य आपापल्या शास्त्राच्या अभिमानापायी भांडू लागतात, तेव्हा हसणाऱ्या प्रेक्षकाला आपल्याच हसण्याची थोडी भीती वाटू लागते. गडकऱ्यांनी १९१९ साली देह ठेवला तो सावनेरला, म्हणजे त्या काळच्या मध्य प्रांतात. आपले जबलपूर त्याच प्रांतात होते. तेव्हा या परंपरेवर आपलाही थोडा हक्क आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता विनोदी नटाच्या कारागिरीकडे येऊ. ‘अशी ही बनवाबनवी’ हा १९८८ सालचा चित्रपट न पाहिलेला मराठी माणूस या सभागृहात तरी नसावा. अशोक सराफ यांचा धनंजय माने डोळ्यांसमोर आणा. धनंजय माने स्वतः विनोद करीत नाही. त्याच्यापुढे प्रश्न आहे तो डोक्यावरच्या छपराचा. भाड्याची खोली हवी, तिच्यासाठी मित्रांना लुगडी नेसवावी लागतात आणि एक खोटे लपविण्यासाठी दुसरे खोटे बोलावे लागते. मान्यांच्या दृष्टीने हा जीवनमरणाचा प्रसंग आहे. तो हास्यास्पद आहे हे आपल्याला ठाऊक असते, त्यांना नसते. लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वतीही असेच सोंग. आपण फार गंमत करतो आहोत असा भाव त्या चेहऱ्यावर क्षणभर जरी उमटला असता, तरी सारी इमारत कोसळली असती.

म्हणजे विनोदी नट आपली भूमिका मुळातच गंभीरपणे करीत असतो. पात्राची कळकळ खरी असते. त्या कळकळीकडे आपण सुरक्षित अंतरावरून पाहतो, म्हणून हसू येते. हे अंतर लेखकाने आणि दिग्दर्शकाने कमी केले की तीच कळकळ करुण होते. नटाला नवे काही शिकावे लागते असे नाही. क्षण नेमका केव्हा पकडावा, वाक्यापूर्वी किती थांबावे, समोरच्या नटाला किती जागा द्यावी, हे त्याला आधीच अवगत असते. किंबहुना या बाबतीत गंभीर नटापेक्षा त्याची परीक्षा अधिक कडक झालेली असते. शोकप्रसंगात श्वास अर्धा क्षण चुकला तर प्रेक्षक सांभाळून घेतात; विनोदात तो चुकला की सभागृह गप्प बसते, आणि त्या शांततेसारखी दुसरी शिक्षा नटाला नाही.

मराठी चित्रपटात याचे पहिले मोठे उदाहरण म्हणजे राजा परांजपे. १९५२ साली त्यांचा ‘लाखाची गोष्ट’ आला. त्यात राजा गोसावी आणि ते स्वतः असे दोन कफल्लक मित्र, आणि लाख रुपये महिन्याभरात खर्च करून दाखविण्याची विलक्षण अट. त्याच वर्षी ‘पेडगावचे शहाणे’ आला. महाराष्ट्र पोट धरून हसला. आणि दोनच वर्षांनी, १९५४ साली, याच परांजप्यांनी ‘ऊन पाऊस’मध्ये एक वृद्ध शिक्षक उभा केला. मुले मोठी झाली आहेत, आपापल्या संसारात गुंतली आहेत. आईवडिलांना एकत्र ठेवण्याची सोय मात्र कुणाच्याच घरी नाही. उभा जन्म सोबत काढलेल्या नवराबायकोची उतारवयात ताटातूट होते. सुमती गुप्ते यांनी या शिक्षकाच्या पत्नीची भूमिका केली.

या भूमिकेतील परांजप्यांच्या अभिनयाचे बळ त्यांच्या विनोदी भूमिकांतच शोधावे लागेल. अवघडलेल्या माणसाचे अवघडलेपण हा विनोदी नटाचा हातखंडा विषय. परक्या घरात कुठे बसावे, हात कुठे ठेवावेत, बोलावे की गप्प राहावे, हे न कळणारा माणूस प्रहसनात हमखास हशा मिळवितो. ‘ऊन पाऊस’मधला म्हातारा मास्तर पोटच्या मुलाच्या घरात तसाच अवघडतो. अवघडण्याची रीत तीच. परंतु घर परके नाही, आणि म्हणूनच हसू येत नाही. पुढे १९६० सालच्या ‘जगाच्या पाठीवर’मध्ये, सीमा यांनी साकारलेल्या अंध मुलीच्या सोबतीने, त्यांनी जगाच्या ठोकरा खाणारा साधा माणूस रंगविला. चार्ली चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्याची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही. १९६३ च्या ‘हा माझा मार्ग एकला’मध्ये त्यांच्यासमोर एक चिमुरडा बालनट होता. त्याचे नाव सचिन. पंचवीस वर्षांनी त्याच सचिन यांनी ‘अशी ही बनवाबनवी’ दिग्दर्शित केला. मराठी विनोदाची आणि कारुण्याची वंशावळ किती जवळची आहे, हे यावरून ध्यानी यावे.

दुसरी परंपरा लोकनाट्याची. तमाशातला सोंगाड्या हा संहितेचा बांधील नसतो. गण, गौळण, बतावणी, वग या साऱ्या प्रवासात तो प्रेक्षकांच्या नाडीवर बोट ठेवून असतो. पुढल्या रांगेतला पाटील आज कोणत्या तोऱ्यात बसला आहे, मागचा हमाल कशाला दाद देतो, हे पाहून तो जागच्या जागी वाक्य बदलतो. सत्तेची नक्कल हा तर त्याचा पिढीजात धंदा. या शाळेत निळू फुले तयार झाले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून ते आले आणि ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगाने त्यांनी महाराष्ट्राला खदखदून हसविले. १९६८ सालच्या ‘एक गाव बारा भानगडी’ने ते रुपेरी पडद्यावर गाजू लागले.

पाटील, सरपंच, सावकार यांची नक्कल करता करता या नटाने त्यांचे मन वाचले होते, हे ‘सामना’मध्ये दिसून आले. विजय तेंडुलकरांची कथा-पटकथा, जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन आणि समोर डॉ. श्रीराम लागू. १९७५ साली हा चित्रपट बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात स्पर्धेसाठी निवडला गेला. त्यातील हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. रस्त्यावर भेटलेल्या दारुड्या मास्तराला तो हौसेने घरी आणतो, खाऊपिऊ घालतो. त्याच्या लेखी ही एक करमणूक असते. नंतर तोच मास्तर एका बेपत्ता माणसाविषयी प्रश्न विचारू लागतो, पुनःपुन्हा विचारीत राहतो, आणि हिंदुरावाच्या पायाखालची जमीन सरकू लागते. निळूभाऊंनी हा माणूस आरडाओरडा करून रंगविला नाही. त्यांचा आवाज खालच्या पट्टीत राहतो. सोंगाड्या ज्या सहजतेने टोला देऊन पुढे सरकतो, त्याच सहजतेने हा हिंदुराव धमकी देऊन पुढे सरकतो. हशाची जागा रिकामी सोडलेली असते आणि त्या रिकाम्या जागेत भीती येऊन बसते.

१९७९ सालच्या ‘सिंहासन’मध्ये याहून निराळी गोष्ट घडली. अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या कादंबऱ्यांवर बेतलेल्या या चित्रपटात निळू फुले दिगू टिपणीस नावाचे पत्रकार झाले. हा माणूस सारे पाहतो, सारे जाणतो आणि काहीही बदलू शकत नाही. राजकारणाचा पट पूर्ववत मांडला जातो, आणि अखेरीस दिगू भर रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. ज्या नटाने उभ्या महाराष्ट्राला हसविले, त्याच्या स्वतःच्या हसण्याने अंगावर काटा यावा, याहून या विषयाला समर्पक उदाहरण आम्हांला सुचत नाही. हसणे तेच असते; त्याला सोबत देणारा मात्र कोणी उरलेला नसतो.

तिसरे उदाहरण दिलीप प्रभावळकरांचे. दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात त्यांचा चिमणराव घराघरांत पोचला. पुढे ‘हसवाफसवी’ या स्वतःच लिहिलेल्या नाटकात त्यांनी अनेक सोंगे एकट्याने वठविली. १९९१ साली संजय सूरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’ आला. लहानपणी खेळताना झालेल्या अपघातामुळे नंदूच्या बुद्धीची वाढ खुंटली आहे. शरीर पुरुषाचे आणि मन बालकाचे. अशा भूमिकेत विनोदी नटाला फार मोठा मोह असतो. चालणे, बोलणे, हातवारे थोडे अधिक केले की प्रेक्षक हसणार, हे त्याला पक्के ठाऊक असते. प्रभावळकर या मोहापासून दूर राहिले. नंदूच्या बोलण्यावर हसू येते तेव्हा ते लहान मुलाच्या बोलण्यावर यावे तसे येते, आणि लगेच त्याचा निर्व्याज चेहरा पाहून आपण ओशाळतो. याच चित्रपटात अशोक सराफ यांनी चाळीतल्या गणाची भूमिका मोठ्या समजुतीने केली. पुढे प्रभावळकरांनी १९९९ च्या ‘रात्र आरंभ’मध्ये मनाचा तोल गेलेला माणूस रंगविला. २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’मध्ये त्यांनी गांधीजी उभे केले, आणि ती भूमिका व ‘शेवरी’ या दोहोंसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. एका विनोदी चित्रपटात, सारे सभागृह हसत असताना, गांधीजींना हास्यास्पद होऊ न देणे, हे काम हसण्याचे शास्त्र पुरते जाणणाऱ्या नटालाच साधते.

आता आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो. १९९२ साली ‘एक होता विदूषक’ आला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे यांचे, गीते ना. धों. महानोर यांची आणि संगीत आनंद मोडक यांचे. आबुराव या नायकाच्या भूमिकेसाठी निवड झाली ती लक्ष्मीकांत बेर्डे यांची. बेर्डे तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होते. १९८३ च्या ‘टुरटुर’ नाटकाने ते नावारूपाला आले, ‘धूमधडाका’, ‘दे दणादण’ यांनी त्यांना घरोघरी पोचविले, आणि ‘मैंने प्यार किया’मुळे हिंदी मुलुखातील आपले शेजारीही त्यांना ओळखू लागले. त्यांचे नाव पडद्यावर झळकले की कथा सुरू होण्याआधीच लोक हसत.

आबुराव हा तमासगीर बाईच्या पोटी जन्मलेला सोंगाड्या. तो फडावरून सिनेमात जातो, लोकप्रिय होतो, आणि मग सत्तेला त्याच्या लोकप्रियतेची गरज भासते. सर्वांना हसविणाऱ्या या माणसाच्या वाट्याला एक न हसणारी मुलगी येते. हजारोंचा हशा ज्याने लीलया मिळविला, त्याला एका लेकराच्या ओठांवर हसू आणण्यासाठी आपले सारे कसब पणाला लावावे लागते. या गोष्टीत नट आणि भूमिका यांच्यामधील भिंत फार पातळ आहे. आबुराव लोकांपुढे सोंग करतो तेव्हा आपल्याला ओळखीचा बेर्डे दिसतो; सोंग उतरवून तो एकटा बसतो तेव्हा दिसणारा माणूस आपल्या ओळखीचा नसतो. बेर्डे यांनी त्या एकांतात अश्रूंची उधळण केली नाही. चेहऱ्यावरची ती सदाची लगबग त्यांनी थांबविली, एवढेच. ज्या चेहऱ्याला क्षणभर स्वस्थ पाहिलेले नव्हते, तो स्वस्थ झालेला पाहणे हाच मोठा धक्का होता.

या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जाणकारांनी बेर्डे यांची वाखाणणी केली. तिकीटबारीवर मात्र त्याला यश लाभले नाही. दुसऱ्याच वर्षी, १९९३ साली, ‘झपाटलेला’ प्रदर्शित झाला आणि त्याने प्रेक्षकांना अक्षरशः झपाटून टाकले. ‘झपाटलेला’ चांगलाच होता. त्याचा आनंद आम्हीही घेतला आहे. परंतु या दोन चित्रपटांच्या नशिबातील अंतराने त्या नटाला जे सांगावयाचे ते सांगितले : आम्हांला तू हसविणाराच हवास. १६ डिसेंबर २००४ रोजी वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी बेर्डे गेले. आबुरावाच्या तोलाची दुसरी भूमिका त्यांच्या वाट्याला आली नाही. निर्माते प्रेक्षकांचा कौल पाहून पैसा घालतात, आणि तो कौल देणारा प्रेक्षकवर्ग म्हणजे सारा मराठी समाज.

यानंतरच्या पिढीत चित्र थोडे पालटले, ही समाधानाची गोष्ट. ‘सही रे सही’ने रंगभूमी दणाणून सोडणारे भरत जाधव २०१० च्या ‘शिक्षणाच्या आयचा घो’मध्ये एका सामान्य बापाच्या भूमिकेत दिसले. मुलाने शिकून मोठे व्हावे या ध्यासापोटी तो संतापाच्या भरात मुलाला मारतो, आणि पोर बेशुद्धावस्थेत जाते. ज्या धांदरट घाईमुळे भरत जाधव विनोदी वाटत, तीच घाई येथे अपराधी बापाची तगमग होते. त्याच वर्षीच्या ‘लालबाग परळ’मध्ये, म्हणजे जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकावरून महेश मांजरेकरांनी काढलेल्या चित्रपटात, सिद्धार्थ जाधव यांनी गिरणगावच्या उद्ध्वस्त तरुणाईतला ‘स्पीडब्रेकर’ उभा केला. त्याचे अडखळते बोलणे आधी गमतीचे वाटते; मग ध्यानी येते की, ज्या वस्तीचे ऐकून घेणारे कोणीच नव्हते, तिचे बोलणे असेच अडखळणार. स्त्रियांच्या बाबतीत मात्र हा प्रवास बहुधा उलट दिशेने झाला. रंजना यांनी १९७७ च्या ‘चानी’सारख्या करुण भूमिकेतून नाव मिळविले आणि पुढे ‘गुपचुप गुपचुप’, ‘बिन कामाचा नवरा’ यांतून आपल्या विनोदाची कमाल दाखविली. मुळात विनोदी म्हणून गाजलेल्या नटीला गंभीर नायिका देण्याचे धाडस आपल्या चित्रपटसृष्टीने क्वचितच केले आहे.

आता थोडे आपल्या नर्मदेकाठाविषयी. रघुवीर यादव आपल्या जबलपूरचे. कोवळ्या वयात घर सोडून ते पारशी पद्धतीच्या फिरत्या नाटक कंपनीत गेले आणि तेथून दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयात. ‘मुंगेरीलाल’ म्हणून दूरदर्शनने त्यांना घरोघरी हसतमुख करून पोचविले. पण त्याआधीच प्रदीप कृष्ण यांच्या ‘मैसी साहब’मध्ये त्यांनी साहेबाच्या कचेरीतला एक बढाईखोर कारकून रंगविला होता. इंग्रज साहेबाची नक्कल करणारा, स्वतःलाही साहेब समजणारा हा माणूस आरंभी हास्यास्पद आहे. रस्ता बांधण्याच्या उत्साहात तो वाटेल त्या खटपटी करतो आणि शेवटी खुनाच्या आरोपात सापडतो. आणि तरीही आपला साहेब आपल्याला सोडवील या श्रद्धेला तो घट्ट धरून असतो. १९८७ सालच्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. आपल्या याच प्रदेशातले, इंदूरचे, जॉनी वॉकर. ‘आनंद’मध्ये त्यांचा ईसाभाई क्षणापूर्वी थट्टामस्करी करीत असतो, आणि आनंदच्या आजाराचे सत्य कळताच त्याचा चेहरा मिटतो. चित्रपट राजेश खन्नांचा. पण त्या प्रसंगी प्रेक्षकाचा पहिला हुंदका जॉनी वॉकर यांच्याबरोबर निघतो. आणि ज्या गावात हरिशंकर परसाईंनी आयुष्यभर लेखणी चालविली, त्या गावाला व्यंगाच्या तळाशी दुःख असते हे आम्ही नव्याने काय सांगावे?

मात्र एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक विनोदी नट गंभीर भूमिकेत यशस्वी होतोच असे नाही. काही नट गंभीर व्हायचे म्हणजे विनोद टाकून द्यायचा असे समजतात. मग दाढी वाढते, आवाज घोगरा होतो, वाक्ये जड होतात आणि प्रेक्षक जांभया देतात. आज आम्ही ज्यांची नावे घेतली, त्यांनी आपले हत्यार टाकले नाही. तेच हत्यार निराळ्या कामाला लावले. परांजप्यांचे अवघडलेपण, निळूभाऊंचा खालचा सूर, प्रभावळकरांचा निर्व्याजपणा, बेर्डे यांची थांबलेली लगबग, ही सारी विनोदाच्या कारखान्यातली अवजारे होत. म्हणून गंभीर भूमिका केली तरच नट मोठा, असे आम्ही म्हणणार नाही. आबुराव नसता तरी बेर्डे मोठेच होते. आबुरावामुळे ते किती मोठे होते हे दिसले, इतकेच.

शेवटी आपल्या मंडळाविषयी एक विनंती. परप्रांतातील मराठी मंडळांत नाटक किंवा चित्रपट ठरवावयाची बैठक बसली की पहिला प्रश्न येतो, ‘विनोदी आहे ना?’ त्यामागचा हेतू चांगला असतो. लोक यावेत, मुलेबाळे यावीत, वर्गणी वाया जाऊ नये. पण नव्या पिढीच्या दृष्टीने थोडा विचार करू. येथील मुलांची मराठी हिंदीच्या सहवासात वाढलेली. ‘शिक्षा’ हा शब्द ऐकला की त्यांच्या डोळ्यांसमोर शाळा येते, महाराष्ट्रातल्या मुलाच्या डोळ्यांसमोर छडी येते. मराठी विनोदाचा मोठा भाग शब्दांच्या अशा कोट्यांवर उभा असतो. आजोबा हसतात, नातू आजोबांकडे पाहतो, आणि कोटी समजावून सांगेपर्यंत तिचा जीव गेलेला असतो. न हसणाऱ्या लेकीसमोर बसलेला आबुराव मात्र कुणाला समजावून सांगावा लागत नाही. परक्या झालेल्या घरात उभा राहिलेला म्हातारा मास्तर तर मुळीच नाही. शब्दांवाचून जे पोचते, तेच भाषेचे दार उघडते. आणि एकदा तो माणूस आपला वाटला की त्याची भाषाही आपली वाटू लागते.

म्हणून आमची सूचना अशी की, मंडळाने वर्षातून निदान एकदा एकाच नटाचे दोन चित्रपट लागोपाठच्या दोन संध्याकाळी दाखवावेत. पहिल्या दिवशी ‘लाखाची गोष्ट’, दुसऱ्या दिवशी ‘ऊन पाऊस’. पहिल्या दिवशी ‘अशी ही बनवाबनवी’, दुसऱ्या दिवशी ‘एक होता विदूषक’. पहिल्या दिवशी गर्दी होईल. दुसऱ्या दिवशी कदाचित निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतील, राहू द्याव्यात. आलेल्या निम्म्यांत एखादे पोर असे असेल, जे घरी जाताना आईला विचारील, ‘कालचा आणि आजचा माणूस एकच होता?’ ज्या मंडळात मुलांना असे प्रश्न पडतात, त्याच्या शतकमहोत्सवाची काळजी आम्हांला वाटत नाही.